बालवाडीतलं जपानी : वाचकांचे प्रश्न, उत्तरं

मुलांच्या भाषेबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, असं या सदरातून कळवलं होतं. आलेल्या पत्रांत जपानीबद्दलची पत्रं इतकी निघाली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच दिलं आहे. पुण्यात याचं नवल नाही. रानडे इन्स्टिट्यूटमधून, टिळक महाराष्ट्र विद्यापीठातून जपानी शिकून बाहेर पडलेली मुलं-मुली आता स्वतः आईबाप झाली आहेत. चाकण-रांजणगावला जपानी कंपन्या आहेत. हिंजवडीत बसून जपानी क्लायंटशी रोज बोलणारं कुणी ना कुणी प्रत्येक सोसायटीत सापडतं. मी रानडेतच शिकले. आधी मोठ्यांना आणि मग लहान मुलांना जपानी शिकवत आले. मधली काही वर्षं आम्ही जपानात ओकायामाला होतो. तिथे माझी मुलगी होइकुएनमध्ये, म्हणजे तिथल्या दिवसभराच्या बालवाडीत जायची. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत आणि नावं गाळली आहेत.

प्रश्न : आमची मुलगी तीन वर्षांची आहे. घराजवळच्या प्री-स्कूलमध्ये या जूनपासून रोज अर्धा तास जपानी सुरू होतंय, फी वेगळी. माझे मिस्टर जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-थ्री (एन-फाइव्ह सगळ्यात सोपी, एन-वन सगळ्यात अवघड, त्यांतली मधली) पातळी पास आहेत, पण घरी आम्ही मराठीच बोलतो. ‘लहान वयात मुलं भाषा पटकन उचलतात, नंतर वेळ निघून जाते,’ असं शाळेत सांगितलं. घालावं का? — एक आई, बाणेर

उत्तर : लहान वयाचा फायदा असतो, आणि तो मुख्यतः कानाचा असतो. अमेरिकेतल्या पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानी आणि अमेरिकन बाळांचा अभ्यास केला होता. सहा-आठ महिन्यांची जपानी बाळं इंग्रजीतले ‘र’ आणि ‘ल’ अमेरिकन बाळांइतकेच वेगळे ओळखत होती. वर्षाची होता होता त्यांची ही ओळख कमी झाली, कारण जपानीत त्या फरकाचं काम पडत नाही. हे कुठेतरी वाचून आईबाप धास्तावतात आणि टीव्हीवर जपानी गाणी लावून ठेवतात. कूल यांचा २००३ सालचा दुसरा अभ्यास मात्र फारसा कुणी ऐकलेला नसतो. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी बोलणाऱ्या माणसांसोबत बारा वेळा खेळायला बसवलं, पुस्तकं वाचून दाखवली. ती बाळं चिनीतले खास आवाज ओळखायला शिकली. दुसऱ्या गटातल्या बाळांना हेच सगळं पडद्यावर दाखवलं. त्यांच्या पदरात काहीच पडलं नाही.

आता शाळेचा भाग. स्पेनमध्ये बार्सिलोनाला कार्मेन मुन्योस यांच्या गटाने शाळेत इंग्रजी शिकणाऱ्या मुलांची बरीच वर्षं पाहणी केली. काहींनी आठव्या वर्षी सुरुवात केली होती, काहींनी अकराव्या. तास सारखेच मिळाले होते. उशिरा सुरू केलेली मुलं पुढे निघाली. आठवड्याचे मोजकेच तास मिळणार असतील तर मोठं मूल जास्त शिकतं, कारण त्याला नियम कळतो, वाचता येतं, पाठ करता येतं. तीन वर्षांच्या मुलीला यातलं काहीच येत नाही. ती माणसाच्या मागे जाते आणि त्या माणसाबरोबर त्याची भाषा घरात येते. ‘वेळ निघून जाते’ या वाक्याला घाबरून फी भरू नका.

शाळेत जाऊन एवढंच विचारा, की जपानी कोण बोलणार आहे? ती व्यक्ती वर्षभर तीच राहणार आहे का? जमलं तर एक दिवस वर्गात मागे बसायची परवानगी मागा. चपला काढून नीट ठेव, पाण्याची बाटली आण, मैत्रिणीला जागा दे, हे सगळं ताई मुलांना जपानीत सांगतायत आणि मुलं हातवाऱ्यांवरून समजून घेऊन ते करतायत, असं दिसलं तर निर्धास्तपणे घाला. ‘आका म्हणजे लाल, आओ म्हणजे निळा’ असा घोष चाललेला दिसला, तर वर्षाअखेरीला मुलीला चार रंग, दहापर्यंत आकडे आणि गॅदरिंगमधलं एक गाणं येईल. त्यात वाईट काहीच नाही, मुलीला मजाच येईल. पण तेवढ्यासाठी वेगळी फी द्यायची की नाही, हे तुम्ही ठरवा.

आणि तुमच्याकडे जे आहे ते बाणेरमधल्या कुठल्याच शाळेकडे नाही. मुलीचे बाबा एन-थ्री आहेत. तीन वर्षांच्या मुलीशी बोलायला एवढं जपानी भरपूर झालं. त्यांनी दिवसातलं एकच काम निवडावं आणि ते रोज जपानीत करावं. अंघोळ उत्तम, कारण त्यात पाणी गरम-गार असतं, हात-पाय-पाठ-कान असतात, ‘अजून ओत’ आणि ‘पुरे’ असतं, आणि रोज तेच असतं. व्याकरण चुकेल याची भीती त्यांनी बाळगू नये. बाकीचा दिवसभर मराठी भरघोस असू द्या. गोष्टी, भांडणं, भाजीवाल्याशी घासाघीस, आजीच्या तक्रारी, सगळं तिच्या कानावर पडू द्या. पुढे दुसरी कुठलीही भाषा येईल ती या मराठीवरच उभी राहील.

प्रश्न : मुलगा-सून नागोयाला असतात. नातू अडीच वर्षांचा आहे, एक वर्षाचा झाल्यापासून तिथल्या होइकुएनमध्ये जातो. व्हिडिओ कॉलवर आम्ही मराठीत विचारतो आणि तो जपानीत उत्तर देतो. मी ‘मराठीत सांग’ म्हटलं की कॅमेऱ्यासमोरून पळून जातो. सूनबाई म्हणते, दोन भाषांनी त्याचा गोंधळ होईल, सध्या राहू दे. नातू आमच्याशी बोलणारच नाही की काय, अशी धास्ती हिला वाटते, आणि खरं सांगायचं तर मलाही. — एक आजोबा, सदाशिव पेठ

उत्तर : काका, तुम्ही मराठीत विचारता आणि तो बरोबर उत्तर देतो, म्हणजे तुमचं मराठी त्याला पुरतं समजतं. ही फार मोठी जमेची बाजू आहे. आधी काकूंना हे सांगा.

होइकुएनचा दिवस कसा असतो ते मी आतून पाहिलं आहे. ही सोय नोकरी करणाऱ्या आईवडिलांच्या मुलांसाठी असते. बहुतेक मुलं सकाळी आठ-नऊला जातात आणि संध्याकाळी पाच-सहाला घरी येतात. जेवण तिथे, दुपारची झोप तिथे, दुसरा खाऊ तिथे. माझ्या मुलीच्या होइकुएनमध्ये एक वही रोज घरून शाळेत आणि शाळेतून घरी फिरायची. रात्री किती झोपली, सकाळी काय खाल्लं हे मी लिहायचं. दिवसभर काय खेळली, कुणाशी भांडली, कशाने हसली हे बाई लिहायच्या. अडीच वर्षांचं मूल जागेपणीचे इतके तास जिथे काढतं, तिथलीच भाषा त्याच्या जिभेवर आधी येणार. त्याच्या जगात खेळणी मागायची, नाही म्हणायची, रडून सांगायची भाषा जपानी आहे. मराठी ऐकायची भाषा आहे. ती बोलायची भाषा व्हायला त्याला मराठीत काहीतरी हवं असावं लागतं.

गोंधळाचं म्हणाल तर सूनबाईंना माझ्यातर्फे सांगा, की दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांना त्यामुळे बोलायला उशीर होत नाही. एका वाक्यात दोन्ही भाषा मिसळणं हा त्या वयाचा स्वाभाविक टप्पा आहे आणि तो आपोआप सरतो. आम्ही ओकायामाला असताना होइकुएनच्या मुख्य बाईंनी मला पहिल्याच भेटीत बजावलं होतं, की घरी तुमचीच भाषा बोला, जपानी आम्ही बघतो. त्या बाईंची मी आजही ऋणी आहे. जिम कमिन्स या अभ्यासकांनी दाखवून दिलं आहे, की परक्या भाषेत खेळण्या-बोलण्यापुरती सफाई मुलांना साधारण दोन वर्षांत येते, पण त्या भाषेत शाळेचा अभ्यास झेपायला पाच ते सात वर्षं लागतात. त्या मधल्या काळात विचार करायला, प्रश्न विचारायला, मनातलं सांगायला घरची भाषाच हाताशी असते. ती काढून घेतली तर मूल दोन्हीकडून अपुरं पडतं.

तुम्ही दोघं काय करू शकता ते सांगते. ‘मराठीत सांग’ म्हणणं आजपासून बंद करा, कारण ती त्याला परीक्षा वाटते. त्याने ‘वानवान!’ म्हणून कुत्रा दाखवला तर तुम्ही म्हणा, ‘अरे वा, भूभू! केवढा मोठा भूभू! कुठे चाललाय भूभू?’ तो जपानीत बोलू दे, तुम्ही त्याचंच म्हणणं मराठीत पुढे न्या. कॉल छोटा ठेवा, पण रोजचा आणि ठरलेल्या वेळी. तो जपानात आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतो. तुमच्याकडे दुपारचे तीन-साडेतीन वाजतात तेव्हा तो घरी आलेला असतो. तुमच्या चहाची वेळ त्याच्या जेवणाआधीची वेळ आहे. आणि काहीतरी करा. नुसतं ‘कसा आहेस, जेवलास का’ यात त्याला काही रस नाही. काकूंनी पोळी लाटताना फोन ओट्यावर ठेवावा आणि कणकेचा कावळा करून दाखवावा. तुम्ही टोपीखाली काहीतरी लपवा आणि त्याला ओळखायला लावा. मघाच्या उत्तरात मी म्हटलं, की पडद्यावरून बाळं शिकत नाहीत. पण पडद्यापलीकडचा माणूस समोर खरोखर असेल आणि मुलाच्या हालचालीला उत्तर देत असेल तर गोष्ट बदलते. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन-अडीच वर्षांची मुलं अशा थेट व्हिडिओ कॉलवरून नवे शब्द प्रत्यक्ष भेटीइतकेच नीट शिकली, रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवरून मात्र नाही शिकली. म्हणजे तुमचा रोजचा चहाचा कॉल हे त्याच्या शिक्षणातलं खरं काम आहे.

शक्य असेल तेव्हा त्याला महिनाभर इकडे ठेवून घ्या. सोसायटीतल्या मुलांमध्ये सोडून द्या, बाकीचं ती मुलं करतील.

प्रश्न : मुलांसाठी जेएलपीटीला वयाची अट आहे का? मुलगा सात वर्षांचा आहे, हिरागाना-काताकाना या जपानीच्या दोन्ही अक्षरमाला पूर्ण आहेत. डिसेंबरला एन-फाइव्हला बसवावं म्हणतो. — एक वडील, वाकड

उत्तर : वयाची अट नाही. परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, पुण्यात केंद्र आहे. बसवू नका, असं मी म्हणेन. ही परीक्षा मोठ्या माणसांच्या नोकरी-शिक्षणासाठी बेतलेली आहे. सगळे प्रश्न पर्याय निवडायचे असतात आणि त्यात बोलणं अजिबात तपासत नाहीत. सात वर्षांच्या मुलाला जपानीत सगळ्यात चांगलं काय करता येत असेल, तर बोलणं. त्याचीच तिथे दखल घेतली जात नाही. आठवी-नववीत बसू दे.

प्रश्न : मार्चमध्ये आम्ही दोन-तीन वर्षांसाठी योकोहामाला जातोय. मुलगा येत्या डिसेंबरमध्ये सहा पूर्ण करेल, सध्या सीनिअर केजीत आहे. त्याला आधी तिथल्या केजीत घालता येईल, की थेट पहिली? तोपर्यंत जपानी किती यायला हवं? — एक आई, कोथरूड

उत्तर : थेट पहिली. जपानात शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू होतं आणि १ एप्रिलपर्यंत ज्यांना सहा वर्षं पूर्ण झाली ती मुलं पहिलीत जातात. योचिएन, म्हणजे तिथलं केजी, तीन ते सहा वयासाठी असतं. तुमच्या मुलाचं ते वय संपलेलं असेल. परदेशी मुलांना शाळेची सक्ती नाही, पण सरकारी शाळेत प्रवेश मिळतो, आणि शिक्षण व पाठ्यपुस्तकं त्यांनाही मोफत असतात. सक्ती नसल्यामुळे विचारपूस आपणच करायची. पत्त्याची नोंद करायला वॉर्ड ऑफिसात जाल तेव्हाच मुलाच्या शाळेचं बोलून घ्या, आणि जपानी न येणाऱ्या मुलांसाठी काय सोय आहे तेही तिथेच विचारा.

तुम्ही अगदी योग्य वेळी जाताय. तिसरी-चौथीत जाणाऱ्या मुलांचे फार हाल होतात. पहिलीत मात्र सगळा वर्ग हिरागानाच्या पहिल्या अक्षरापासून सुरू करतो. छेचाळीस अक्षरं, मग काताकाना, आणि वर्षभरात ८० कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चित्रासारखी अक्षरं. सहावीपर्यंत हा आकडा १०२६ वर जातो, पण ती चिंता आत्ता नको. तिथल्या योचिएनमध्ये अक्षरं धडा म्हणून गिरवून घेतली जात नाहीत, भर खेळावर असतो. तरी बरीचशी मुलं घरी, मोठ्या भावंडांच्या मागे लागून हिरागाना वाचायला शिकूनच पहिलीत येतात. म्हणून तेवढं वाचन इथून करून न्या. रोज दोन-तीन अक्षरं, खेळता खेळता. लिहिण्याची घाई नको. तिथे रेघेचा क्रम आणि वळण फार काटेकोरपणे शिकवतात, इथे लागलेली सवय मोडायला त्रास होतो.

बोलण्याचं म्हणाल तर संभाषणाचा क्लास नको. मधल्या सुट्टीत लागणारे बोल त्याला पक्के येऊ द्यात. ‘इरेते’ म्हणजे मला खेळात घ्या. ‘काशिते’, मला दे ना जरा. ‘यामेते’, नको करूस. दुखलं की ‘इताई’. ‘तोइरे’, शू-शीसाठी. आणि ‘वाकारानाई’, मला कळलं नाही. ‘इरेते’ सगळ्यात महत्त्वाचं. ते ज्याला म्हणता येतं तो मैदानाच्या कडेला उभा राहत नाही. घरी तुम्ही दोघं खेळत बसा आणि ‘इरेते’ म्हटल्याशिवाय त्याला घेऊ नका.

सामानाची तयारीही भाषेइतकीच लागते. वर्गात घालायचे वेगळे बूट, व्यायामाचे कपडे, त्यांच्या वेगवेगळ्या कापडी पिशव्या, आणि प्रत्येक वस्तूवर नाव. मी मोज्यांवरसुद्धा नाव लिहीत असे. जेवण वर्गात मुलंच वाढतात आणि वर्ग मुलंच झाडतात. तुम्ही शाकाहारी असाल तर पहिल्याच भेटीत लेखी सांगा. सुपात मासे असतात. पाठीवरचं कडक दप्तर, रांदोसेरू, बरंच महाग असतं. मोठ्या झालेल्या मुलांचं वापरलेलं मिळतं का, हे तिथल्या भारतीय कुटुंबांना विचारा.

तिथे गेल्यावर तो काही आठवडे, कदाचित काही महिने शाळेत गप्प राहील. त्या काळात तो ऐकत असतो. घरी येऊन तो नेहमीसारखा खातोय, झोपतोय, मराठीत बडबडतोय, तोवर काळजी करू नका. घरीही गप्प झाला तर मात्र शाळेत जाऊन लगेच बोला. आणि अंकलिपी, मराठी गोष्टींची पुस्तकं सामानात न्या. परत आल्यावर त्याला इथल्या तिसरी-चौथीत बसायचंय.

प्रश्न : जपानात तीन वर्षं राहून गेल्या वर्षी आम्ही औंधला परतलो. मुलगी सहा वर्षांची आहे. योचिएनमध्ये ती मुलांबरोबर इतकं सुंदर जपानी बोलायची की तिथले शेजारी थक्क व्हायचे. आता मी जपानीत काही विचारलं की ‘तसं बोलू नकोस’ म्हणते. सगळं विसरत चाललीय. मला रडू येतं. — एक आई, औंध

उत्तर : तुमचं रडू मला ठाऊक आहे. माझी मुलगी ओकायामाच्या शेवटच्या वर्षी झोपेतसुद्धा जपानी बरळायची. पुण्याला आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात तिने ते बोलणं सोडलं. मी तर जपानीची शिक्षिका. घरात पुस्तकं, विद्यार्थी, सगळं होतं. तरी सोडलं. तिच्या बाजूने ते बरोबरच होतं. इथल्या अंगणात जपानीत ‘इरेते’ म्हणून कुणी खेळायला घेत नाही. सहा वर्षांचं मूल ज्या भाषेत मित्र मिळतात ती भाषा धरतं. आठ-नऊ वर्षांच्या आतली मुलं परकी भाषा जितक्या वेगाने उचलतात, जवळजवळ तितक्याच वेगाने ती सोडतात. परदेशातून परतलेल्या मुलांच्या बाबतीत खुद्द जपानी आईबापांचीही हीच तक्रार असते.

कळकळीने एक सांगते. पाहुण्यांसमोर ‘जपानीत काहीतरी बोलून दाखव’ म्हणू नका. तुम्ही म्हणत नसाल तर घरातल्या इतरांनाही म्हणू देऊ नका. तिच्यासाठी ती भाषा म्हणजे तिच्या बाई, तिची मैत्रीण, तिचं घसरगुंडीचं मैदान होतं. ते सगळं एका दिवसात सुटलं. कुणाच्या करमणुकीसाठी ते उघडून दाखवायची तिची इच्छा नसते.

तिची त्या माणसांशी गाठ राहू दे. मैत्रिणीचा पत्ता असेल तर चित्रं काढून पाठवा; वाढदिवसाला फोन लावा आणि तुम्ही बाजूला व्हा. झोपताना तिची आवडती जपानी चित्रपुस्तकं तुम्ही वाचा. तिने मराठीत बोललं तरी चालेल, कानावर पडत राहू दे. सहा हे वाचायला शिकण्याचं वय आहे; हिरागाना वाचता यायला लागलं तर बोलणं सुटलं तरी भाषेला एक दार उघडं राहतं. पुण्यात जपानी कुटुंबं आहेत, त्यांच्यात तिच्या वयाची मुलं आहेत. तशी एक मैत्रीण मिळाली तर माझं हे सगळं उत्तर विसरून जा.

आवाजांची स्मृती मात्र बरीच आत टिकते. माझ्या मुलीने कॉलेजात असताना स्वतःहून जपानी पुन्हा घेतलं. शब्द तिला नव्याने पाठ करावे लागले. पण ‘ओबासान’ आणि ‘ओबाआसान’ यांतल्या स्वराच्या लांबीवर वर्गातले सगळे अडखळत होते, तिथे ती एकदाही अडखळली नाही. एक मावशी, एक आजी. लांबी चुकली तर नातं बदलतं. तो कान तिला योचिएनच्या वयातच मिळाला होता.

प्रश्न : मी बालवाडी शिक्षिका आहे, एन-फोर झालेली. शाळेने मला चार-पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून तीन दिवस वीस मिनिटं जपानी शिकवायला सांगितलंय. पुस्तक नाही. पालकांना वर्षाअखेरीला ‘मुलं लिहून दाखवतील’ असं सांगून झालंय. सुरुवात कुठून करू? — एक शिक्षिका, हडपसर

उत्तर : बाई, तुम्ही आधी बालवाडीच्या शिक्षिका आहात आणि मग जपानीच्या, ही मुलांची मोठी सोय झाली. एन-वन झालेल्या पण लहान मुलांत कधी न बसलेल्या माणसापेक्षा हे काम तुम्हाला चांगलं जमेल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला बालवाड्या उभ्या केल्या त्या मुलांच्या भोवतालच्या वस्तूंतून, बिया-पानं-शिंपल्यांतून. जपानीलाही तोच मार्ग धरा. छापील चित्रातलं सफरचंद दाखवून ‘रिंगो’ म्हणवून घेण्यापेक्षा डब्यात आज काय आलंय ते बघा.

पहिले दोन महिने फक्त खेळ. जानकेनपोन, म्हणजे दगड-कागद-कात्री, रोज खेळा. कुणावर राज्य येणार ते रोज त्यानेच ठरवा. ‘दारुमा-सान गा कोरोन्दा’ हा खेळ आपल्या स्टॅच्यूच्या जवळचा आहे. राज्य असलेलं मूल पाठमोरं उभं राहून हे वाक्य म्हणतं, तोवर बाकीची पुढे सरकतात, आणि ते वळलं की सगळ्यांनी गोठायचं. एक अख्खं वाक्य मुलं शंभर वेळा ऐकतात आणि म्हणतात, पाठांतर म्हणून नाही तर जिंकायला. पुढे, थोडे शब्द जमले की शिरितोरी, म्हणजे शब्दांच्या भेंड्या. त्यात ‘न’वर संपणारा शब्द म्हणणारा हरतो.

आवाजांच्या शब्दांवर मनसोक्त वेळ घालवा, कारण मराठी आणि जपानी या दोन्ही भाषा त्यांत श्रीमंत आहेत. आपल्याकडे तारे लुकलुकतात, तिकडे ‘किराकिरा’ करतात. पाऊस ‘झाझा’ पडतो, मांजर ‘न्या’ करतं. मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. उच्चारांचीही काळजी नको. ‘चमचा’मधला पहिला च ज्याला म्हणता येतो त्याला ‘त्सु’ सहज येतो. इंग्रजी माध्यमातल्या मोठ्या विद्यार्थ्यांना मी याच शब्दाने ‘त्सु’ शिकवते.

गोष्टींसाठी कामिशिबाई करा. जाड कागदावर आठ-दहा चित्रं, मागच्या बाजूला मजकूर, आणि एकेक चित्र सरकवत सांगायची गोष्ट. आपली पिंगुळीची चित्रकथी अशीच, चित्रं दाखवत सांगतात. गोष्ट मुलांनी मराठीत ऐकलेली असेल तर उत्तम. ससा-कासव जपानीत सांगा; पुढे काय होणार ते त्यांना आधीच माहीत असल्यामुळे भाषेची भीती वाटत नाही. खर्च कार्डशीटचा. वर्षात एखादी सहल सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात काढा. ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते केलंय. तिथे तळं, मासे, पूल, दगड, सगळे शब्द चालत चालत होतात.

लिहिण्याचं मात्र मुख्याध्यापिकांशी स्पष्ट बोला. चार वर्षांच्या बोटांना ‘आ’चं हिरागाना अक्षर झेपत नाही, आणि त्या वयाची बोटं मातीत, कणकेत, कागदाच्या घड्यांत असायला हवीत. मोठ्या गटाला वर्षाच्या शेवटी ‘कु’, ‘शि’, ‘त्सु’, ‘हे’ ही एका रेघेची अक्षरं वाळूत बोटाने काढता आली तर भरपूर झालं. ओळखायला मात्र जास्त अक्षरं चालतील. वर्णांचा क्रम मुलांना घरचाच वाटेल, कारण जपानी लोकांनी तो संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून घेतला आहे. आधी स्वर, मग क, स, त, न, ह, म, य, र, व.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा म्हणतं, आणि जपानीसारख्या परदेशी भाषांचा उल्लेख माध्यमिक पातळीवर करतं. हे मुख्याध्यापिकांना दाखवा. वीस मिनिटांच्या खेळाला त्यात आडकाठी नाही. लिहून घेण्याच्या घाईला मात्र त्यात आधार सापडणार नाही. पालकांना काहीतरी दाखवायचं आहेच, तर वर्षाअखेरीच्या कार्यक्रमाऐवजी एक उघडा वर्ग ठेवा. आईबाबांना मुलांबरोबर जमिनीवर बसवा, दारुमा-सान खेळायला लावा आणि राज्य मुलांकडे द्या. आपल्या मुलाला किती येतं हे त्यांना त्या अर्ध्या तासात नीट कळेल. पुढच्या वर्षी वहीची मागणी कमी होईल, असा माझा अनुभव आहे.